बाळाची थर्ड शिफ्ट

या वेळचं पत्र नाशिकच्या पंचवटीतून आलंय, थोडं छोटं करून देते.

"मावशी, माहेरी बाळंतपणाला आलेय. पहिलीच वेळ, सिझर झालं, मुलगी आज 19 दिवसांची आहे. जन्मली तेव्हा 2 किलो 800 ग्रॅम होती, चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा 2 किलो 620 आणि काल दवाखान्यात 3 किलो भरली. सकाळी मालिश-अंघोळ झाली की दुपारी दोनपर्यंत हलवलं तरी उठत नाही आणि रात्री अकरा वाजले की डोळे टक्क उघडे, मग पहाटे चारपर्यंत दर तास-दीड तासाला दूध. सासूबाई इंदिरानगरहून डिंकाचे लाडू घेऊन येतात आणि म्हणतात तुझं दूध पुरत नाही, वरचं चालू कर. आजी म्हणते जायफळाचे दोन वेढे दे, गप झोपेल. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट असते, सुट्टीला येतात, बाळ बघतात, जेवतात, जातात. परवा साडेतीनला मी बाथरूममधे नळ सोडून रडले, मनात नको नको ते आलं. ही रात्रीची कधी झोपणार? आणि हसू नका, पण मिसळ कधी खाऊ शकते? दोन महिने झाले खाल्ली नाही."

अगं पोरी, तुझा मेल पहाटे 3.40 चा आहे, वेळ वाचूनच अर्धी हकीकत कळली मला. मी 29 वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, त्यातली निम्मी नाइट ड्युटी, त्यामुळे पावणेचार म्हणजे काय चीज असते ते मला पाठ आहे, त्या वेळेला सगळी पंचवटी घोरत असते आणि आपणच तेवढे जागे, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. तुझं काही चुकलेलं नाही आणि तुझी मुलगी हट्टीपण नाही. तिची थर्ड शिफ्ट लागलीय, एवढंच. तू अंबडवाल्याची बायको आहेस, तुला लगेच समजेल, शिफ्ट बदलली की मिस्टरांचे पहिले तीन-चार दिवस कसे जातात, जेवायच्या वेळेला झोप आणि झोपायच्या वेळेला भूक, तसंच हिचं चाललंय, फक्त हिला शिफ्ट बदलायला तीन-चार दिवस नाही, दोन-तीन महिने लागतात.

आठवा-नववा महिना आठव जरा. तू दिवसभर घरात चालायचीस, जिना चढायचीस, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, फिरून यायचीस, की तिला आत झोका मिळायचा आणि ती झोपायची, आणि तू रात्री आडवी झालीस रे झालीस की लाथा सुरू. बाहेर आल्यावर तेच टाइमटेबल चालू आहे. दिवस आणि रात्र वेगळे असतात हे सांगणारं घड्याळ आपल्या डोक्यात असतं ना, ते जन्मतः चालू नसतं. झोप आणणारं मेलाटोनिन तिच्या शरीरात या वयात रात्रीचं असं वेगळं बनत नाही, साधारण दीड-दोन महिन्यांपासून ते बनायला लागतं आणि तीन-चार महिन्यांत हिशोब बऱ्यापैकी बसतो. आणि गंमत सांगते, तुझ्या रात्रीच्या दुधात ते मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतंच, म्हणजे तिचं घड्याळ बसेपर्यंत तू तुझ्या घड्याळातलं थोडं थोडं तिला उसनं देतेयस. हे मी नर्सिंगला असताना आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, नंतर वाचलं आणि इतकं बरं वाटलं की विचारू नको.

झोपत नाही म्हणतेस, पण मोजून बघ. या वयाची बाळं चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपतात, तुझीपण तेवढी झोपत असणार, फक्त सुटे पैसे दिल्यासारखी झोपते, इथे दोन तास तिथे पाऊण तास, आणि मोठी नोट ती नेमकी सकाळी मालिशनंतर मोडते.

आता दूध पुरत नाही हे सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्या लाडू घेऊन इंदिरानगरहून पंचवटीला येतात म्हणजे काळजीच आहे, पण आकडे तू स्वतःच लिहून पाठवलेस आणि बघितले नाहीस. 2800 वरून 2620, म्हणजे 180 ग्रॅम उतरली, साडेसहा टक्के पण नाही, पहिल्या आठवड्यात सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं, सगळीच उतरतात. मग 2620 वरून 3000. 380 ग्रॅम, पंधरा दिवसांत. भाग देऊन बघ, दिवसाला 25 ग्रॅम आले. आम्ही 20 ते 30 बघायचो. मग हे 380 ग्रॅम कुठून आले, डिंकाच्या लाडवांतून डायरेक्ट तर नाही ना आले? तुझ्याच दुधातून आले. जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून निघायला हवं असतं, तुझी त्याच्या पुढे गेलीय. हा हिशोब कागदावर लिहून सासूबाईंच्या हातात दे, तोंडी सांगू नको, तोंडी सांगितलं की वाद होतो, कागद दिला की त्या चष्मा शोधतात आणि तेवढ्यात राग जातो.

आणि दर तास-दीड तासाला का लागतं ते सांगते. जन्माच्या दिवशी बाळ एका वेळी पितं किती, तर साधारण 5 ते 7 मिली. म्हणजे आपल्या द्राक्षाचा एक टपोरा मणी धर. आठवड्याभरात ते साधारण मोठ्या लिंबाएवढं होतं, 45 ते 60 मिली. आईचं दूध पचायला हलकं, दीड-दोन तासांत पोट रिकामं, मग ती काय करणार, उठणारच की. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नॉर्मल आहे, आणि संध्याकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत कितीतरी बाळं एकापाठोपाठ एक दूध मागतात, पाच मिनिटं पिणार, सोडणार, कुरकुर, परत पिणार, अशा वेळी आईला छाती अगदी रिकामी झाल्यासारखी वाटते आणि घरातलं कोणीतरी बरोब्बर तेव्हाच म्हणतं की बघ, दूधच नाही तुला. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळाची भूक एकदम वाढते, तुझी 19 दिवसांची आहे, बघ कसं जुळतंय. दोन-तीन दिवस ती जास्त ओढेल, तुझं दूध तेवढं वाढेल, मग शांत होईल. परत सहा आठवड्यांच्या आसपास असाच झटका येईल, तेव्हा मला मेल करू नको, हेच पान काढून वाच.

दुधाचं गणित गवळ्यासारखं नाहीये की सकाळी दोन लिटर आलं, संपलं. जेवढं ओढलं जातं तेवढं बनतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून हे जे रात्रीचं पाजणं तुला शिक्षा वाटतंय ना, त्यावरच दिवसाचं दूध उभं आहे. रात्रीचं एक पाजणं काढून तिथे डब्याचं दूध दिलं, की शरीराला निरोप जातो, मागणी कमी झाली, आणि पुढच्या आठवड्यात खरंच दूध कमी पडायला लागतं, मग सगळे म्हणतात बघ आम्ही म्हणत होतो. हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझा मोठा 1991 चा, मी स्वतः नर्स, दुसऱ्यांना दिवसभर शिकवायचे, आणि घरी दहाव्या रात्री सगळ्यांनी मिळून म्हटल्यावर मी बाटली दिली. तो चार तास झोपला. त्या चार तासांचं मला इतकं कौतुक वाटलं की रोज रात्री एक बाटली, मग दोन, आणि दोन महिन्यांचा असताना माझं दूध गेलं. त्याचं काही वाईट झालं नाही, सहा फूट वाढलाय, पण मला तेव्हा जर कोणी कागदावर भागाकार करून दाखवला असता तर.

तरी एक सांगते, वरचं दूध म्हणजे पाप नाही. वजन वाढत नसेल, डॉक्टरांनी बघून सांगितलं, तर द्यावंच लागतं, आणि ते देणाऱ्या आयांकडे तोंड वाकडं करून बघणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, डब्यावर लिहिलेल्या मापानेच, चमचा सपाट करून, दूध पुरवायचं म्हणून पाणी वाढवायचं नाही, आणि बाटलीपेक्षा वाटी-चमच्याने. गाईचं, म्हशीचं, पिशवीचं दूध वर्षाच्या आत प्यायला नको. डब्यांच्या जाहिरातींना तर आपल्याकडे 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी प्रत्येक नातेवाइकाला कुठला डबा चांगला ते कसं पाठ असतं हे एक कोडंच आहे.

दूध पुरतंय का हे रोज बघायचं असेल तर शू मोज. भिंतीवर कालनिर्णय असेलच, ज्यावर तुझी आई दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनात एका कोपऱ्यात बाळाच्या शूच्या रेघा मारत जा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले, शू पांढरट फिकी, की पुरतंय. विषय संपला. डायपर लावत असाल तर कळायला कठीण जातं, दोन दिवस दिवसा तरी लंगोट वापर. आणि तुमच्या भागात आशाताई येत असतील तर त्यांच्या घरी यायच्या दिवसांत 21 वा दिवस असतो, म्हणजे परवाच, त्यांच्याकडे वजनकाटा असतो, करून घे वजन.

जायफळ. आजीचा हात धरून, गोड बोलून, सहाण उचल आणि देवघराच्या मागे ठेव. जायफळाने बाळ झोपतं हे खरंय, पण ते झोपत नाही गं, त्याला गुंगी येते. एवढ्याशा जिवाला किती वेढे म्हणजे किती गेलं याचं माप कोणाकडेच नसतं, सहाणेवर एक वेढा जास्त झाला की संपलं, जायफळाने विषबाधा होते, पहिल्यासारखं रडणार नाही, दूध मागणार नाही, श्वास मंद होईल. गुंगीतलं बाळ पीत नाही, आणि न पिणारं बाळ म्हणजे आम्हाला वॉर्डात सगळ्यात जास्त भीती वाटायची ते बाळ. मध पण नको, चाटवायला सुद्धा नको, वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम नावाचा भयंकर आजार होऊ शकतो. गुटी, ग्राइप वॉटर, साखरेचं पाणी, उकळलेलं पाणी, काहीच नको, सहा महिने फक्त तुझं दूध आणि डॉक्टरांनी दिलेत ते ड जीवनसत्त्वाचे थेंब. आजी ऐकत नसेल तर माझी जुनी युक्ती वापर, पुढच्या वेळी डॉक्टरांना सांग फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून द्या, "फक्त आईचं दूध, बाकी काही नाही", खाली सही-शिक्का. आजी माझं ऐकणार नाही, तुझं ऐकणार नाही, पण शिक्क्याचं ऐकते.

आता एक गोष्ट जी तुला कोणी सांगितली नसणार. रात्री ती खुसपुसली की तू लगेच उचलतेस ना? नको उचलूस. एवढ्या लहान बाळांची जवळजवळ निम्मी झोप अशी चळवळी असते, त्यात ती कण्हतात, चेहरा वेडावाकडा करतात, हसतात, हातपाय झाडतात, डोळेसुद्धा अर्धे उघडतात आणि झोपलेलीच असतात. वॉर्डात रात्री दोनच्या राउंडला मी टॉर्च खाली धरून जायचे तर हे दृश्य ठरलेलं, पाळण्यात बाळ उंऽ उंऽ करत हात वर नेतंय, आणि कॉटवरची आई अर्ध्या झोपेत टाक्यांना हात लावून उठायच्या तयारीत. मी नुसता पंजा दाखवायचे, थांब. आम्ही दोघी बघत बसायचो. तीस सेकंद, चाळीस सेकंद, आणि बाळ एक मोठा उसासा टाकून परत गप. दहातल्या कितीतरी वेळा असंच व्हायचं. खरी भूक असली की वेगळं दिसतं, मूठ तोंडाकडे जाते, जीभ बाहेर येते, तोंड उघडून मान इकडे-तिकडे वळवते, शोधते. ते दिसलं की लगेच घे, रडायची वाट बघू नको, रडणं ही शेवटची पायरी असते आणि रडून लाल झालेलं बाळ नीट पकडत पण नाही. म्हणजे खुसपूस झाली की एक मिनिट थांबायचं, शोधाशोध दिसली की अजिबात थांबायचं नाही.

शिफ्ट बदलायची कशी, तर खरी गडबड त्या सकाळच्या मालिशमधे आहे. मालिशवाल्या मावशी दहाला येतात, तेल चोळून, गरम पाण्याने अंघोळ घालून, गुंडाळून देतात आणि बाळ चार तास मेल्यासारखं पडतं, घरातले सगळे खूश, "बाईंचा हात चांगला आहे हो". अगं, तीच तर तिची रात्र झाली! अंघोळीनंतर झोपू दे, पण दोन-अडीच, फार तर तीन तासांनी उठवून पाज, दुपटं सोड, तळपायाला बोट फिरव, लंगोट बदल, उठेल. जमलं तर मावशींना संध्याकाळी येता येईल का विचार, जमणार नाही म्हणतील, त्यांची दहा घरं ठरलेली असतात आणि आख्ख्या पंचवटीत त्यांची वेळ बदलून घेण्याची हिंमत कोणात नाही, पण विचारायला काय जातंय. दिवसा खोलीत उजेड येऊ दे, पडदे लावून सगळ्यांना शू शू करत बसू नका, मिक्सर लागू दे, कुकरच्या शिट्ट्या होऊ दे, तिच्याशी बडबड कर. रात्री उलटं, झिरोचा बल्ब, गप्पा नाही, खेळवणं नाही, मोबाइल नाही (तुझा पण नाही, तो उजेड तुझीच झोप उडवतो), शी झाली असेल किंवा फारच ओलं असेल तरच बदल, आणि ते पण एका बाजूचं पिऊन झाल्यावर मधेच, म्हणजे दुसऱ्या बाजूला पिता पिता परत झोपते. दोन-तीन आठवडे हे नेमाने केलं की फरक दिसतो. वजन भरून निघालंय, त्यामुळे रात्री ती कधी चुकून चार तास झोपली तर उठवू नको. तू पण झोप. आणि दीड-दोन महिन्यांनंतर झोपेचा एखादा मोठा तुकडा मिळायला लागेल, तीन-चार महिन्यांत बरीच बाळं सलग चार-पाच तास काढतात, पण वर्षभर रात्री एखाद-दोनदा उठणारी बाळंसुद्धा अगदी ठणठणीत असतात, म्हणून तारीख विचारू नको मला.

सिझर झालंय तर दर वेळी बसून पाजायची काय हौस? कुशीवर झोपून पाज. दूध कानात जातं, कान फुटतो, हे तुला आजीने सांगितलं असेलच, बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागेल असं तिला कुशीवर घे, पाठीला हात, डोकं किंचित वर, काही कानात जात नाही. तोंडात नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागसुद्धा बराचसा गेला पाहिजे, नाहीतर चिरा पडतात, दुखतं आणि दूध पण नीट येत नाही. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर, नाही आली दहा मिनिटांत तर राहू दे. मग मात्र तिला तिच्या जागेवर, पाठीवर झोपव, उताणी, कुशीवर नाही, पालथी तर नाहीच. गादी कडक, आजूबाजूला लोड-तक्के, मऊ खेळणी, आणि ती मोहरीची उशी, सगळं बाहेर. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजता पाजता डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं. थंडी आहे, निफाडकडून गार वारं आलं की आपल्याकडे पण हुडहुडी भरते मान्य, पण बाळाला तुझ्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढंच. हातपाय गार लागतात म्हणून चार गोधड्या टाकू नको, मानेमागे किंवा छातीला हात लावून बघ, कोमट असली की बास. खोलीत कोळशाची शेगडी आणि ओवा-बाळंतशेपाची धुरी नको, बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो, कळत पण नाही.

आता मिस्टर. मला या पत्रातलं सगळ्यात जास्त हेच वाक्य लागलं, "बाळ बघतात, जेवतात, जातात". माहेरी जावई म्हणजे पाहुणा, तो बाळंतिणीच्या खोलीत जास्त वेळ बसला तर लोक काय म्हणतील, हे मला माहितीये गं, मी पण याच नाशिकची. पण ज्या माणसाने कंपनीत थर्ड शिफ्ट केलीय त्याला रात्री जागायचं ट्रेनिंग आधीच झालेलं आहे, एवढा ट्रेंड माणूस घरात असून फुकट घालवायचा? बाळ तुझ्या पोटातून आलंय, दूध तुझ्या अंगावर आहे, हे खरं, पण बाकी सगळं कोणीही करू शकतं, उचलून आणून देणं, ढेकर काढणं, लंगोट, थोपटून परत झोपवणं, तुझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणं. रात्री एका वेळच्या पाजण्याला चाळीस मिनिटं लागत असतील तर त्यात खरं पिणं पंधरा-वीस मिनिटांचं, उरलेली कामं वाटता येतात. त्याची सेकंड शिफ्ट असेल तर तो सुटून तसाही लगेच झोपत नाही, तासभर मोबाइलच बघतो, आठवड्यातून दोन-तीन रात्री पंचवटीला येऊन रात्री एकपर्यंत बाळ त्याच्याकडे. पहाटे पाचला तुझी आई तशीही उठते, पाचचं पाजून झालं की बाळ आईकडे आणि तू दार लावून आठपर्यंत झोप. आणि संध्याकाळी आठ-साडेआठला पाजून तू सरळ आडवी हो, पाहुणे आले तरी उठायचं नाही, मिळेल तेवढा सलग तुकडा तुझा. तुला दिवसाकाठी एक तरी तीन-चार तासांची सलग झोप मिळाली पाहिजे, हे मी लाडवांपेक्षा महत्त्वाचं धरते. महिना झाल्यावर, पाजणं नीट बसलं की हाताने दूध काढून ठेवता येईल, स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, बाहेर चार तास, फ्रिजमधे चोवीस तास, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही, मग रात्रीचं एक पाजणं बाबा वाटी-चमच्याने. हे मी त्याला लिहिते असं समज आणि हा भाग त्याला फॉरवर्ड कर.

बाथरूमचं बोलायचं राहिलं. मुद्दाम नाही ठेवलं शेवटी, मनात घोळत होतं. पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं खूप जणींना होतं, हार्मोन्स एकदम उतरतात, टाके दुखतात, झोप नाही, आणि ते आपोआप ओसरतं. तुला 19 दिवस झालेत. "नको नको ते" म्हणजे काय ते तू लिहिलं नाहीस आणि मी इथे विचारत नाही, पण आज, उद्या नाही, आईला किंवा मिस्टरांना ते शब्दात सांग, आणि तुझ्या डॉक्टरांना फोन कर, बाळाच्या नाही, तुझ्या. रडू थांबत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, बाळ झोपलेलं असून तुला झोप लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करून टाकावं असं वाटत असेल, तर तो आजार आहे, त्याला औषध आहे, आणि त्यात तुझ्या आईपणाला काही कमीपणा नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री साडेतीनला पण लागतो, मराठीत बोलतात. तो विचार जोरात आला तर बाळ पाळण्यात उताणं ठेव, आईला हाक मार, एकटी थांबू नको. पाच मिनिटं रडलं बाळ तर काही होत नाही. आईला झोपेतून उठवायला संकोच करू नको, ती आई आहे, तिने हे केलेलं आहे.

आणि हे फ्रिजवर लावून ठेव, कारण यात वाट बघायची नसते: ताप 100.4 किंवा वर, अंग गार पडलंय, दोन पाजण्यांना तोंडच लावलं नाही, उठवून उठत नाही, श्वास मिनिटाला साठच्या वर किंवा छाती आत ओढली जातेय, हिरवी उलटी, तळहात-तळपाय पिवळे, फिट. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, 108 किंवा सरळ रिक्षा.

राहिली मिसळ. हसले, सॉरी. पण खा की! बाळंतिणीने तिखट खाल्लं की बाळाचं पोट दुखतं याला फारसा अर्थ नाही, तू काय खाल्लंस त्याची चव थोडीफार दुधात उतरते, तर्री उतरत नाही. टाके बरे वाटत असतील, पोट साफ होत असेल, ॲसिडिटी नसेल तर पहिल्यांदा रस्सा बेताने घे, दही जास्त घाल, आणि त्या दिवशी बाळ जास्तच किरकिरलं असं दोन-तीनदा झालं तरच थांब. बाहेर गर्दीत जाऊन खाण्याची घाई नको, धूर आणि लाइन, टाक्यांना ताण. मिस्टरांची या आठवड्यात थर्ड असेल तर सकाळी सुटल्यावर पार्सल घेऊन यायला सांग, तोवर तिचं सातचं पाजणं झालेलं असेल, बाळ त्यांच्या हातात दे आणि तू आधी गरम असताना खा. पाव दोन जास्त सांग, पाजणाऱ्या बाईला काय भूक लागते ते त्यांना माहीत नसणार.